दोघांची मंजुरी

“पासवर्ड आहे की सुविचार? चक्क फळ्यावर लिहिलाय... वर रंगीत खडूने चौकट!”

पुटपुटणं टेबलाखालून येत होतं. मी त्याच टेबलावर वह्या ठेवत होते, आणि ती चौकट माझीच होती.

“नव्या ब्लॉगचा पासवर्ड मुलांच्या लक्षात राहावा म्हणून लिहिलाय,” मी वाकून म्हणाले.

आधी चष्मा वर आला, मागोमाग केसांत जळमटं घेऊन शाळेचा नवा कॉम्प्युटरवाला. “मुलांच्या राहील हो. खिडकीतून डोकावणाऱ्याच्याही राहील.”

असा संताप आला! माणूस उद्धट असला तर चालतं एकवेळ. पण उद्धट असून बरोबरही असावा?

आमच्या वर्गाचा ब्लॉग सुरू झाला तो असा, भांडणातून. नियम त्याचे. खरं नाव नाही, चेहरा नाही, घरचा पत्ता तर नाहीच. मुलांनी टोपणनावं घेतली – काजवा, वादळ, ढगोबा. फोटो फक्त चित्रांचे, नाहीतर शाई लागलेल्या बोटांचे. बाहेरून आलेली प्रतिक्रिया आधी आम्हा दोघांकडे यायची. काही लावायचं असो की उतरवायचं, दोघांनी मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय ब्लॉग हलायचा नाही. मुलांनी आम्हालाही सोडलं नाही. मी खारूताई. तो कासव – बटण दाबायला युगं लावायचा म्हणून.

शाळा सुटली की आम्ही शेजारी बसायचो.

“कासवराव, ‘फारच छान’ एवढंच लिहिलंय. त्यात काय तपासताय?”

“कोणी लिहिलंय ते.”

“काजव्याची आजी. ओळीनं उद्गारचिन्हं बघा ना! आजीच असणार.”

“आणि एखादा माणूस वाक्य अर्धवट सोडत असेल... तर तो कोण?”

“भित्रा,” मी म्हणाले.

तो हसला. चष्मा पुसू लागला. चष्म्याशिवायचे ते डोळे इतके उघडे पडायचे, की मीच खिडकीबाहेर बघायचे. स्टाफरूममध्ये आम्ही शिरलो की गप्पा थांबायच्या आणि सगळ्यांना एकदम चहात साखर कमी वाटायची. कुणी काही म्हणायचं नाही. आम्हीही नाही.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीच्या तोंडावर मी ब्लॉग उघडला. पहिल्याच पानावर अख्ख्या वर्गाचा फोटो. सगळे चेहरे, खाली सगळ्यांची खरी नावं. मोठ्या सरांनी लावला होता. खातं शाळेच्या नावावर, मालक तेच, त्यांना कुणाची मंजुरी लागत नव्हती. प्रवेशाचे दिवस होते ना! खाली एक प्रतिक्रिया अडकून पडली होती. कुणा अनोळखी माणसाने आमच्या काजव्याचं खरं नाव घेऊन विचारलं होतं – ही घरी कुठल्या बसने जाते?

घंटा होताच मी स्टाफरूममध्ये ती सगळ्यांसमोर वाचली.

“एवढं काय त्यात?” मोठे सर म्हणाले. “कौतुकानेच विचारलं असेल कुणी. शाळेचं नाव होतंय, बाई.”

“मुलांच्या नावांवर? पालकांना विचारलंत?”

सगळे कपात बघत होते. आणि तो? भिंतीला टेकून फोनशी खेळत होता. माझ्या मनात आलं, हा माझा कासव? संकट आलं की कवचात डोकं घालणारा?

“माझी भाची आहे त्या फोटोत,” गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या.

“माझ्या शेजाऱ्यांचा मुलगाही...” खेळाचे सर म्हणाले.

“सर, फोटो उतरवायचं बटण मी सकाळीच दाबलंय,” भिंतीकडून आवाज आला. “ती प्रतिक्रिया पोलिसांकडे पाठवून दिली. पोच आत्ता आली.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “फोटोला बाईंची मंजुरी बाकी आहे.”

मी फोन काढला. दाबलं. चेहरे गेले.

“कुणाला विचारून?” सर कडाडले. “तुमची नोकरी कच्ची आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. फोटो पुन्हा लागला, तर मी पुन्हा उतरवीन.”

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. आता कपात कुणीच बघत नव्हतं. फोटोवर बोलण्यासारखं काही उरलं नाही, तसा त्यांनी मोर्चा वळवला. “हा बटण दाबणार, ह्या दाबणार... तुमचं दोघांचं चाललंय तरी काय?”

साखरेचा डबा जागच्या जागी राहिला. कुणीतरी खोकलं. मी जमिनीत जागा शोधत होते.

त्याने चष्मा काढला. पुसला नाही.

“प्रेम, सर,” तो म्हणाला. “माझं आहे. बाईंची मंजुरी... बाकी आहे.”

असा संताप आला! एवढे दिवस खुर्चीला खुर्ची लावून बसलो, आणि हे सांगायचं कुणाला, तर मोठ्या सरांना?

“मंजूर आहे, कासवराव!” मी ओरडलेच. “केव्हाची!”