मारुंजीचा उरलेला कोपरा

भुकूम गावच्या भातखाचरात देवूचं यंत्र चाकं बुडेपर्यंत रुतलं आणि बांधावरची साळू खुदकन हसली. वर आषाढ कोसळत होता. देवूने चिखलाने माखलेलं तोंड वर केलं, तिच्याकडे पाहिलं — आणि यंत्र विसरलाच.

बासष्ट सालची ही गोष्ट. देवू मारुंजीचा, पुण्याच्या एका कारखान्यात फिटर. त्या कारखान्याने एका जर्मन कंपनीच्या साथीने चिखलणीचं हे यंत्र करायला घेतलं होतं. चाचणीला साळूच्या बापाचं, गेणबाचं खाचर मिळालं होतं.

"दोन देशांनी मिळून येवढंच केलं व्हय?" साळूने विचारलं.

"जर्मनांचं इंजिन लई भारी. पण असला चिखल त्यांनी सपनातबी बघितला न्हाई. म्हणून चाकं आमी करायची. एकट्याला दोन्ही जमत न्हाई."

"म्हंजी सावडच की. आज तुमी आमच्या शेतात, उद्या आमी तुमच्या."

यंत्रापायी गेणबाचा लावणीचा दिवस बुडाला होता. त्या लाजेने देवू स्वतःच भाताची रोपं घेऊन साळूच्या शेजारी वाकला. दुपारनंतर त्याची ओळ सारखी तिच्याकडेच वळू लागली. साळूला ते दिसत होतं, पण तिने काही ती सरळ केली नाही.

"सावड फेडायला येशील मारुंजीला?" त्याने हळूच विचारलं.

"यीन की... तुमी असाल ना?"

देवूने तिला खरं ते सांगून टाकलं. नवी चाकं इंजिनाला बसवायला कारखाना त्याला दोन वर्षं जर्मनीला धाडणार होता.

"सावडीला माणसाला जावंच लागतं, साळू..."

दसऱ्याला तो गेला. साळूचं कशात मन लागेना. सूस गावचं स्थळ आलं, तर पोटात दुखतंय म्हणून ती आत निजून राहिली. पुढच्या आषाढात, कुणाची सावड अंगावर न ठेवणारा गेणबा तिला घेऊन मारुंजीला आला.

देवूच्या आईच्या, चंद्राबाईच्या खाचरात साळूचे हात सकाळी भराभर चालले. दिवस कलला तसे ते मंदावले, आणि शेवटच्या कोपऱ्याशी थांबलेच.

"तेवढा कोपरा ऱ्हायला की, पोरी."

"ऱ्हाऊ द्या, मावशी... सावड फिटली, तर तुमच्या दारात परत कशी यीन?"

चंद्राबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिच्या हातातली रोपांची जुडी काढून घेतली आणि बांधाकडे वळून म्हणाली,

"गेणबादादा, हिला आता दुसरीकडं कुटं दावू नका. ह्यो कोपरा देवू आला की दोघं मिळून लावतील."

साळूने मान खाली घातली. त्याच्याविना अजून एक पावसाळा काढायचा होता.