शेजारी नसलेले आजोबा

“शेजारी आहे का?” गाईडकाकांनी माईकवरून विचारलं आणि अख्ख्या बसने एका सुरात उत्तर दिलं, “आहे!”

ही त्यांची मोजणी. डोकी मोजत बसायला वेळ कुणाला? समुद्रकाठच्या त्या नागमोडी रस्त्यावर प्रत्येक थांब्यानंतर ते एवढंच विचारत. होकार आला की दार बंद, बस सुरू.

बस कड्यावरच्या थांब्यावरून निघाली. तोंडाला विश्रांती नाही म्हणून भावंडांनी जिला ‘टिटवी’ नाव ठेवलं होतं, ती धाकट्या ढब्बूच्या हातातला बिस्किटांचा पुडा ओढत होती. मावसभाऊ ‘मास्तर’ दोघांना शिस्तीवर व्याख्यान देत होता. पलीकडे मावशी डुलक्या काढत होती.

ओढाओढीत पुडा मागे उडाला. तो उचलायला टिटवी वळली आणि थबकली. शेवटच्या सीटवर नुसती पिशवी होती.

सकाळी तिची जागा तिथेच होती, एका आजोबांशेजारी. “ये गं बाळ, खिडकी तुला,” म्हणून त्यांनी सरकून जागा दिली होती. मग सांगत सुटले. शेवटचा थांबा दीपगृहाचा. त्यांचे वडील तिथला दिवा सांभाळायचे, वरच्या खोलीत त्यांचं बालपण गेलं. वर्षातून आजचा एकच दिवस, तोही सूर्य बुडेपर्यंत, लोकांना वर सोडतात. “गुडघे कुरकुरतात गं, पण आज चढणार. पुढच्या वर्षीचा भरवसा कुणी द्यावा?”

टिटवीने दोन जांभया दिल्या, “मागे मला मळमळतं,” अशी थाप मारली आणि पुढे भावंडांत येऊन कोंबून बसली.

“काका, मागचे आजोबा नाहीत,” ती आता म्हणाली.

“सगळे ‘आहे’ म्हणाले ना? मग आहेत. आडवे झाले असतील. झोपू दे बिचाऱ्यांना.”

“पण ज्याला शेजारीच नाही, त्याच्याबद्दल ‘नाही’ कोण म्हणणार?” मास्तरने विचारलं.

“तू वकील हो मोठेपणी,” गाईडकाका हसले. “बसा खाली. इथे वळणं आहेत.”

टिटवीने ढब्बूच्या कानात काहीतरी सांगितलं. ढब्बूने गाल फुगवले, डोळे फिरवले आणि असा काही आवाज काढला की ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक दाबला. “माझी नवी कव्हरं! उतरवा त्याला आधी!”

वास येण्याआधी निसटलेलं बरं, म्हणून सगळेच भराभर उतरले. बस रिकामी झाली.

“आता दाखवा आजोबा,” टिटवी म्हणाली.

गाईडकाका आत गेले. पिशवी घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पिशवीत आजोबांचा फोनही होता.

बस वळून मागे धावली. कड्यावरची चहावाली म्हणाली, “बस गेलेली पाहून काठी टेकत खाली वाळूकडे गेले. दीपगृहाला किनाऱ्याने जवळची वाट आहे म्हणाले.”

वाळूत पावलं होती, शेजारी काठीची गोल भोकं. मुलं त्यावरून पळाली, मागून धापा टाकत गाईडकाका आणि ड्रायव्हरकाका. एका खडकाशी मात्र सगळ्या खुणा पाण्यात गडप झाल्या.

“भरती चढतेय,” मास्तर हळूच म्हणाला.

“गप्प राहा सगळे,” टिटवी म्हणाली, आणि स्वतःही गप्प राहिली. लाटांच्या मधल्या उसंतीत कुणीतरी देवाचं नाव आळवत होतं, अगदी संथ, सुरात. आवाज वरच्या कपारीतून येत होता. आजोबा तिथे पाय पोटाशी घेऊन बसले होते. खाली पाणी आपटत होतं.

ड्रायव्हरकाकांनी त्यांना पाठीवर घेतलं. बसमध्ये टाळ्या वाजल्या. “पोरांनी लाज राखली,” मावशी म्हणाली. गाईडकाकांनी सगळ्यांसमोर कान पकडले. “मुलांनो, आजपासून एकेक डोकं मोजेन.” टिटवी नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. सूर्य समुद्राला टेकला होता.

दीपगृहापाशी पोचले तेव्हा रखवालदार कुलूप लावत होता. “दिवा लागला की वर कुणाला सोडत नाही. मला तसा हुकूमच आहे.” गाईडकाकांनी हात जोडले, मावशीने विनवलं. तो बिचारा मान हलवत राहिला.

आजोबांनी भिंतीवर तळवा टेकला.

“मी तुमच्याशेजारी असते तर ‘नाही’ म्हणून ओरडले असते,” टिटवी म्हणाली. “मळमळत नव्हतं मला. खोटं बोलले.”

“मला ठाऊक होतं गं. म्हाताऱ्याच्या गोष्टी लांबतातच.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “देवाने तुझ्या रूपाने शोधलं मला. जीव वाचला, ही का थोडी कृपा?”

“खोली कशी होती वरची? सांगा ना.”

आजोबांनी वरच्या छोट्या खिडकीकडे पाहिलं.

“वर गेलो असतो तर सगळं आठवलं असतं,” ते म्हणाले. “इथे खाली उभं राहून काही आठवत नाही बघ.”

टिटवीने त्यांचा हात धरला. बसमध्ये सगळे बसले होते, पण ड्रायव्हरकाकांनी हॉर्न वाजवला नाही.