पुढच्या दाराच्या नऊ क्लिपा

शपथ घेऊन सांगितलं तरी ज्याला हसायचं तो हसतोच, म्हणून शपथ घेत नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, घराला लागून असलेल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

आमचे हे गाड्यांच्या आतलं काम करतात. सीटा, छताचं कापड, आणि मुख्य म्हणजे दारांची पॅनेलं काढणं-बसवणं. पॅनेल म्हणजे दाराला आतून लावलेला तो भाग, ज्यावर आपण हात टेकतो. यांची एक सवय आहे. पॅनेल बसवून झालं की दोन बोटांनी त्यावर टकटक करायची आणि कान द्यायचा. आत काही सुटं राहिलं असेल तर आवाजावरून कळतं.

मी यांची दुसरी बायको. पहिली तापाने गेली, माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

खोटं सांगायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ती म्हणे दुकानात यांच्या शेजारी बसायची. पॅनेल दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढल्या की वाटीत मोजून ठेवायची, आणि यांनी मान वर न करता हात पुढे केला की एकेक तळहातावर ठेवायची. मला यांनी दुकानात कधी बसवलं नाही. मी आपला डबा पोचवायचा आणि परत यायचं.

घरची गाडीही तिच्याच वेळची.

त्या गाडीत मी पुढे, यांच्या शेजारी बसले की माझ्या बाजूचं दार वाजायचं. खर्र... टक. खर्र... टक. मी नसले की गप्प. यांना किती वेळा सांगितलं, तर रस्ता खराब आहे म्हणायचे. अख्ख्या गावाची दारं नीट करणारा माणूस, आणि घरच्या त्या एका दाराला हात लावायला तयार नाही. नणंद तर एकदा सहज बोलून गेली, "पहिल्या वहिनी होत्या तेव्हा नाही बाई कधी वाजलं."

ते मला फार झोंबलं.

त्या रविवारी हे जेवून आडवे झाले. मी यांची हत्यारांची पेटी उचलली आणि शेडमध्ये गेले. डबा पोचवता पोचवता बघून बघून शिकले होते. आधी हँडलमागचा स्क्रू, मग हात टेकायच्या जागेखालचे दोन. मग कडेने चपटी पट्टी सारून एकेक क्लिप उचकटायची. नऊ निघाल्या. मोजून वाटीत टाकल्या. पॅनेल वर उचललं, काचेच्या बटणाची वायर सोडवली आणि आत हात घातला.

काहीच नव्हतं. एक सुटा स्क्रूसुद्धा नाही.

फक्त... आतला पत्रा गार होता. शेडमध्ये मी घामाने निथळत होते, आणि तो पत्रा गार होता.

मी घाईघाईने पॅनेल परत बसवायला घेतलं. वाटीत पाहिलं...

आठ.

सीटखाली पाहिलं, फरशीवर हात फिरवला, कपडे झटकले. नाही.

"किती काढल्यास?"

हे मागे उभे होते. रागावले नव्हते. चेहरा मात्र उतरला होता.

"नऊ. एक सापडत नाहीये."

हे खाली बसले. पॅनेल मांडीवर घेऊन आठ क्लिपा अडकवल्या. मग मान वर न करता हात पुढे केला.

माझ्याकडे नाही...

दाराकडे. त्या उघड्या पत्र्याकडे.

मला वाटलं वाटीतच असेल. मी वाटी उपडी केली. रिकामी. वर पाहिलं तर हे नववी क्लिप अडकवत होते.

मी दिली नव्हती.

यांनी पॅनेल दाराला लावलं, तळहाताने कडेकडेने दाबून बसवलं, स्क्रू पिळले. मग नेहमीसारखी दोन बोटं.

टक... टक.

आणि आतून...

टक... टक.

हे हसले. अगदी हळू. लग्नाला दोन वर्षं झाली, ते हसू माझ्या वाट्याला कधी आलं नाही. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी जळफळाटच झाला.

"तुम्ही ऐकलंत ना?" मी विचारलं.

"काय?" म्हणाले, आणि वाटी उचलून घरात गेले.

आता मी मागे बसते. पुढे ऊन लागतं, असं सांगितलंय. यांनी एकदाही पुढे ये म्हटलं नाही. दार त्या दिवसापासून वाजत नाही. रोज सकाळी हे आधी त्या बाजूला जातात, दोन बोटं टेकवतात, मगच गाडी काढतात. मी दुसरीकडे बघते.

परवा घरी येताना मला राहवलं नाही. मी माझ्या बाजूच्या, मागच्या दारावर दोन बोटांनी वाजवलं.

टक... टक.

कान लावला. काही नाही.

पुन्हा वाजवलं. काही नाही.

यांनी समोर बघतच म्हटलं, "मागचं दार वाजायला लागलं वाटतं. उद्या घट्ट करून टाकतो."

तेव्हापासून मी हात मांडीवर ठेवून बसते.