भट्टीच्या जागचा वाफा

सरका जवळ. आणि मध्येच "मग काय झालं?" करायचं नाही, मी सांगतोच आहे. ही माझ्या सख्ख्या भाचीची गोष्ट. बागा आखायचं काम करते. नाकावर माशी बसू देत नाही.

बंदरावर पूर्वी एक तपासणीघर होतं. परमुलखातून पोट भरायला आलेल्या माणसांची तिथे झडती व्हायची. बायका कपड्यांच्या शिवणीत गावाकडचं बियाणं लपवून आणायच्या. सापडलं की ते भट्टीत जायचं. त्याच जागेवर त्या लोकांच्या आठवणीची बाग करायची होती. भाचीनं प्रत्येक मुलखाचं एकेक झाड लावलं आणि भट्टीच्या जागी एक वाफा मुद्दाम रिकामा ठेवला. जळालेल्या बियाण्याचा.

बागेच्या समितीचे अध्यक्ष चिडले. "रिकामा वाफा? लोक म्हणतील, माळी झोपला होता!" त्यांनी तिच्या माघारी तिथे तयार लॉनच्या पट्ट्या अंथरून टाकल्या.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. रात्री साडेअकराला भाची टॉर्च घेऊन निघाली. तिची आई म्हणाली, "अगं, उजाडल्यावर जा की."

"उजाडल्यावर पाहुणे येतील."

पट्ट्या गुंडाळायच्या, फाटकाबाहेर टाकायच्या, एवढंच काम. पण ओलं लॉन म्हणजे काय वजन! पहिली पट्टी कशीबशी ओढली. दुसरीला हात घातला... आणि ती हलकी झाली.

पलीकडचं टोक कुणीतरी उचललं होतं.

टॉर्च मारला. कुणी नाही. टोक मात्र हवेत... तसंच. जळका वास.

"कोण आहे?"

...

पळावंसं वाटलं. पण पळाली तर सकाळी त्या जागेवर खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. त्या बायकांचं होतं नव्हतं ते दुसऱ्यांदा पुसलं जाणार. भीतीपेक्षा तिला राग जास्त आला.

"धरलंय ना? मग नीट धरा," ती म्हणाली. "फाटकापर्यंत न्यायचंय."

नेलं. एकेक करून... सगळं. पलीकडून फक्त श्वास.

शेवटी तिनं दाताळ्यानं माती सारखी केली. मागे मागे सरकत, स्वतःची पावलंही पुसत. मग थेट घर.

सकाळी अध्यक्ष तणतणत आले. "हे कुणी केलं?"

"मी. पुन्हा अंथराल तर पुन्हा काढीन."

ते ताडताड वाफ्याकडे निघाले, आणि काठावरच थबकले.

मातीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं टोचलेले खळगे होते. सरळ ओळींत. प्रत्येकावर हलक्या हातानं माती लोटलेली.

आणि पाऊल... एकही नाही.