नांदवणला वारा सोडताना

"मोहने, वारा सोड गो! बोंबील टांगून झालं."

नळाला पाणी सोडायला सांगावं, अशा थाटात हिराबाई तांडेल नांदवण गावच्या किनाऱ्यावरून फोनवर ओरडत होत्या. भर समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या नियंत्रण कक्षात त्यांची अभियंता लेक मोहना हसली. तिचे वरिष्ठ दिघेही हसले. हिराबाईंचा आवाज फोनबाहेर आरामात पोचायचा.

गेल्या हंगामात मात्र कोणालाच हसू येत नव्हतं. पात्यांनी वाऱ्याचा जोर काढून घेतला की मागे मंदावलेल्या हवेचा लांबलचक पट्टा उरतो; त्याला अभियंते वातछाया म्हणतात. ती छाया नेमकी नांदवणवर पडली. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील सुकेनात, त्यांना वास सुटला. "हिराबाईच्या पोरीनं वारा खाल्ला," असं गावभर झालं, आणि मोहनाच्या ते फार जिव्हारी लागलं. वर्षभर डोकं खपवून तिने 'छायावळण' प्रणाली तयार केली. चक्क्यांची तोंडं जराशी तिरकी केली की वीज किंचित कमी मिळते, पण छाया बाजूला सरकते. कंपनीने कुरकुरत एका हंगामाची मुभा दिली होती. यंदाही बोंबील सडले, तर नांदवणच्या बायका वलांड्या कायमच्या मोडणार होत्या.

मोहनाने कळ दाबली. बाहेर एकामागून एक चक्क्या सावकाश वळल्या.

थोड्या वेळाने पडद्यावर आई दिसली. मागे बोंबील झुलत होते, बायकांचे पदर उडत होते.

"बघ गो, कसा भणाण वारा सुटलाय! आता बोलू दे कोणाला काय ते."

मोहनाला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. ते तिने पुसलेही नाहीत.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. शेजारच्या केतकबंदरातून सुगंधामावशी बोलत होती. "मोहने, आमच्याकडं पान हलत नाय. बोंबलांवर माश्या बसल्यात. काय झालं गो?"

मोहनाने नकाशा पाहिला. नांदवणवरून हटवलेली छाया केतकबंदरावर पसरली होती. नकाशावर वलांड्यांची नोंद करताना तिने फक्त आपलं गाव भरलं होतं.

"आणखी उत्तरेला सरकव," दिघे म्हणाले. "दोघींचंही काम होईल. तिथे नकाशावर काहीच नाही."

मोहनाचा हात कळीवरच थांबला. "सर, सकाळी केतकबंदरही नकाशावर नव्हतं."

पडद्यावरची आई सगळं ऐकत होती. "उत्तरेला नको गो. तासभर सुगंधाला दे, तासभर मला. आम्ही भैनी घेऊ वाटून."

मोहनाने चक्क्या परत फिरवल्या. हिराबाईंचा पदर खांद्यावर येऊन निजला, तरी त्या खुशीत होत्या. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "सुगंधाकडं तुझा नंबर होता, म्हणून तुला कळलं. ज्यांच्याकडं नाय, त्यांनी वारा मागायचा कोणाकडं?"