चिमण्या दाताची जागा

कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या असलेल्या मुलीवर कोणाचा जीव जडेल, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. पण झालं ते असंच.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या कॅफेत सँडविच खायला आली, दातांवरचा पारदर्शक रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळला, खाल्लं, आणि बशी डब्यात रिकामी करून मोकळी झाली. दारापर्यंत गेली आणि जीभ दातांवरून फिरली. रुमाल! दातांच्या डॉक्टरबाईंनी शंभरदा बजावलं होतं की डबी जवळ ठेव, रुमालात गुंडाळणारे सगळे एक ना एक दिवस कचरा चिवडतात. तो दिवस आज उजाडला होता.

रिटेनर जाऊन चालणारच नव्हतं. दीड वर्ष अलाइनरचे पारदर्शक साचे घालून तिचे वेडेवाकडे दात कसेबसे रांगेत आले होते. त्यात समोरच्या दाताशेजारचा एक दात जन्मतःच चिमणा, तांदळाएवढा. डॉक्टरबाईंनी त्याच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम फट ठेवली होती. पुढे त्यावर एक कॅप बसणार आणि तो बाकीच्यांच्या बरोबरीचा दिसणार, असा बेत होता. तोवर ती जागा राखायचं काम रिटेनरचं. "दात सरळ करणं सोपं गं, टिकवणं अवघड," बाई म्हणायच्या. "त्यांना जुन्या घराची फार ओढ असते."

"काय हरवलंय?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

ती लाजेनं अर्धी झाली. दातांतलं काहीतरी हरवलंय, हे अनोळखी पुरुषाला कसं सांगायचं? पण त्यानं उत्तराची वाट बघितलीच नाही. बाह्या सारल्या, डबा तिरका केला आणि एकेक रुमाल दाबून बघायला लागला. त्याच्या भुवईवर पांढरी भुकटी होती आणि ती त्याला ठाऊकही नव्हती. मग एका रुमालापाशी त्याचा हात थांबला. त्यानं आतला रिटेनर उजेडात धरला, फिरवून बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"हा तर माझ्या हातचा आहे. म्हणजे तुम्ही... चिमणा दात?"

डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दातांची लॅब होती आणि तिथला टेक्निशियन म्हणजे हाच. तिच्या दातांचे प्लास्टरचे साचे त्याच्या फळीवर दीड वर्ष नांदत होते. लॅबमध्ये तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, सगळे 'चिमणा दात' म्हणूनच ओळखत. तिनं तोंडावर हात ठेवला. लहानपणापासूनची सवय होती ती, हसायचं तर हाताआडून.

"आता काय लपवता," तो म्हणाला. "मी तुमचे दात तुमच्या आईपेक्षा जास्त बघितलेत. चेहराच तेवढा बघायचा राहिला होता."

रिटेनर उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडा होईल, गार पाण्यात साबणानं धुवा, एवढं सांगून तो लॅबकडे निघून गेला. भुवईवरच्या भुकटीबद्दल सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते राहिलंच.

कॅपचा रंग ठरवायला डॉक्टरबाईंनी तिला बोलावलं, तेव्हा टेक्निशियन स्वतः खाली उतरून आला. ओठांवरची लिपस्टिक पुसायला लावून त्यानं तिला खिडकीशी बसवलं. दिव्याचा उजेड खोटं बोलतो म्हणे. मग रंगाच्या नमुन्यांची पट्टी काढली, तिच्या दाताशी एकेक नमुना धरला आणि जरासं बघून नजर लगेच हातातल्या राखाडी कागदाकडे वळवली. पुन्हा दात, पुन्हा कागद. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता. खिडकीतून ढगाळ, मऊ उजेड येत होता, आणि तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला जितकं देखणं दिसता येतं तितकं दिसायचा ती प्रयत्न करत होती.

त्यानं पट्टी बाजूला ठेवली तशी ती म्हणाली, "एवढी वाईट दिसते का मी? सारखं कागदाकडे बघताय ते."

"डोळ्यांना विसावा द्यावा लागतो. फार वेळ बघितलं की फरक कळेनासा होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे..." तो कागदाकडे बघतच म्हणाला, "सगळंच छान दिसायला लागतं."

त्या दिवशी ती घरी गेली ती चपला हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात. वहिनीनं आधी चपलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. काय समजायचं ते समजली.

कॅप तयार झाली. डॉक्टरबाईंनी ती नुसती टेकवून आरसा हातात दिला. अगं बाई, काय सुरेख दिसत होती! कुठली कॅप आणि कुठला दात, तिचं तिला कळेना. डोळे भरून आले. ती सांगणारच होती, एवढ्यात आरशाच्या कडेला तो दिसला. हत्यारं पुसून पेटीत भरत होता, काम संपलेला माणूस भरतो तशी. आणि तिला उमगलं. आज ही कॅप चिकटली की संपलं. मग तो वर, ती खाली आणि मधे जिना. कोणत्या निमित्तानं भेटायचं?

"जरा... पिवळट वाटते का?" ती बोलून गेली.

त्याचे हात थांबले. डॉक्टरबाईंनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघितलं. त्यांना तर रंग जुळलेला वाटत होता. पण दात जिचा, तिला पटल्याशिवाय त्या चिकटवत नसत, कारण एकदा चिकटवली की चिकटवली. टेक्निशियन म्हणाला, हरकत नाही, दुसरी करू. पुन्हा खिडकी, पुन्हा ढगाळ उजेड, पुन्हा राखाडी कागद. त्यात तो तिला विचारायचा की दिवसभर 'पहिली काच बरी की दुसरी' म्हणून कंटाळा येत नाही का. ती म्हणायची, येतो ना, कारण सगळे दुसरीच म्हणतात. दोघं हसायचे, आणि हसताना हात तोंडावर न्यायचं ती विसरून जायची. अशी दुसरी कॅप झाली. ती तिला जरा पांढरी वाटली. मग तिसरी झाली. ती कशी वाटली म्हणावं, तेच तिला सुचेना, म्हणून ती म्हणाली, "ही... निर्जीव वाटते."

एकदा खोटं बोललं की माणसाचा पाय खोलातच जातो. टेक्निशियनचा चेहरा पडलाय, हे तिला दिसलं होतं. पण कामाला दमला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. वहिनीनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलंसुद्धा, की दात करून घ्यायला जातेस की दाखवायला? डॉक्टरबाईंचा धीर मात्र सुटत चालला होता. "ती जागा दातासाठी राखलीय," त्यांनी सुनावलं. "जन्मभर मोकळी ठेवायला नाही. रिटेनर थोडा सैल पडला की दात सरकतील आणि मग बसा परत अलाइनर घालून."

पुढच्या खेपेला ती लिपस्टिक न लावताच गेली, पुसायला नको म्हणून. टेक्निशियन आला नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो आता तुझं काम करणार नाही, कॅप दुसऱ्या लॅबकडून करून घे असा निरोप दिलाय. का, ते त्यांनाही त्यानं सांगितलं नव्हतं.

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. जिना चढून जावं आणि सगळं सांगून टाकावं, असं दहादा मनात आलं. पण जिन्यापाशी पाय अडायचे. सांगायचं तरी काय?

आणि एका दुपारी तो आपणहून तिच्या दुकानात आला.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला. नेहमीसारखा हसला नाही. "नीट तपासा. रंगांचंही बघा."

तपासणीच्या खोलीत तिनं दिवा मालवला. फक्त समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. काचा बदलायची गोल, जड फ्रेम तिनं त्याच्या नाकावर बसवली, कानांमागे दांड्या सारल्या. भुवईवर आजही भुकटी होतीच. काय झालं, असं तिनं विचारलं. अंधारात बोलायला सोपं जातं म्हणून असेल, तो सांगत गेला. एवढी वर्षं त्याचा रंग कधी चुकला नव्हता. तिची पहिली कॅप केली तेव्हा तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की जुळली. आणि ती चुकली. दुसरी चुकली. तिसरी चुकली. आता हातात पट्टी घेतली की घाम फुटतो. म्हणून रंगाची सगळी कामं सोडली होती आणि नुसते साचे ओतत बसला होता.

"हात चुकला असता तर चाललं असतं," तो म्हणाला. "हात सुधारतो. पण नजरच गेली, तर आमच्या कामात उरतं काय?"

आपण चार भेटी जास्त मिळाव्यात म्हणून एक खेळ खेळलो, आणि या माणसानं त्यापायी झोप घालवली. कामाची सवय म्हणून हात मात्र चालूच होते. तिनं काच फिरवली.

"पहिली बरी... की दुसरी?"

"दोन्ही सारख्याच."

त्या सारख्याच होत्या. तिनं टेबलावरच्या छोट्या दिव्याखाली रंगीत ठिपक्यांची पानं धरली, त्यातले आकडे तो पटापट सांगत गेला. एकही चुकला नाही. तिनं पुस्तक मिटलं.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "खोटी मी आहे."

"काय?"

"पहिलीच कॅप जुळली होती. अगदी जुळली होती. पिवळी नव्हती, काही नव्हती. दुसऱ्या दोन्हींनाही मी उगाच नावं ठेवली. मला माफ करा... मी फार वाईट वागले."

ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून तो बसला होता, घुबडासारखा.

"म्हणजे," त्यानं सावकाश विचारलं, "माझे डोळे ठीक आहेत?"

काय म्हणावं या माणसाला! इथे जीव मुठीत धरून ती मन उघडं करत होती आणि ह्याचं लक्ष डोळ्यांत. हो, ठीक आहेत, ती म्हणाली. त्यानं इतका लांब श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली. मग खुर्चीत मागे रेलला आणि हसत सुटला. मोठं ओझं उतरलेला माणूस हसतो तसा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फ्रेम काढून डोळे पुसल्यावर त्याला बाकीचं आठवलं.

"पण का? मला रात्र रात्र झोप नव्हती हो." आता त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता.

"कॅप बसली असती... तर तुम्ही परत कशाला भेटला असता?"

त्यानं फ्रेम टेबलावर ठेवली.

"सांगायचं तरी," तो म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "रंग तर फोटोवरूनही घेतात. दवाखान्यातून फोटो पाठवला की झालं. बाकी कुणासाठी मी जिना उतरून येत नाही."

"मग माझ्यासाठी का यायचात?"

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला, आणि 'तू' म्हणालो हे लक्षात येऊन स्वतःच गडबडला. तिला एवढं हलकं वाटलं की तिनं उठून दिवा लावला. उगाच, काहीतरी करायला हवं म्हणून.

कॅप बसवायच्या दिवशी त्यानं खिशातून एक छोटी डबी काढून डॉक्टरबाईंच्या हातात दिली. आत पहिली कॅप होती. मोडून टाकली नव्हती त्यानं. चुकली म्हणतात तर चुकली, पण टाकवेना, असं म्हणाला. बाईंनी ती चिकटवली, पिवळी की पांढरी की निर्जीव असं एकेक करून खवचटपणे विचारलं, आणि तिचं उत्तर ऐकायच्या आधीच हातमोजे काढले. आता दाताचा आकार बदललाय, तेव्हा नवा रिटेनर लागेल आणि तो तुझ्या या माणसाकडूनच करून घे, म्हणाल्या. काही महिने दिवसरात्र घालायचा, मग फक्त रात्री.

"फक्त रात्री, पण किती वर्षं?" तिनं विचारलं.

"टिकायला हवं असेल तोवर," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नवा रिटेनर घालून ती त्याच कॅफेत, त्याच टेबलाशी बसली. समोर तो होता. सँडविच आलं, तिनं रिटेनर काढला आणि सवयीनं हात कागदी रुमालाकडे गेला. त्यानं काही न बोलता रुमाल बाजूला ओढला, तिच्यापुढे डबी सरकवली, आणि रुमाल होता तिथे आपला हात पालथा न ठेवता उताणा ठेवला. तिनं रिटेनर डबीत ठेवून झाकण लावलं. मग आपला हात त्याच्या हातात ठेवला.

ती हसली, तोंडावर हात न नेता. तो बघत राहिला. बघतच राहिला.

"डोळे दमतील हं," ती म्हणाली.

"दमू देत."