दोनशे चाळिसावा दिवस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कस्तुरा दापोडीच्या सार्वजनिक नळावर कळशी भरत होती. तेवढ्यात समोरून एक माणूस दुसऱ्या माणसाला पाठुंगळी घेऊन आला. पाठीवरचा म्हातारा मनगटावरच्या घड्याळात बघत ओरडत होता, "बसपासून इथवर अकरा मिनिटं! अरे, पाय उचल!"

"कस्तुराबाई कुठं राहतात हो?" खालच्याने धापा टाकत विचारलं. "पगार घेऊन आजारी माणसांना घरात ठेवून सांभाळतात त्या... वयस्कर असतील बहुतेक."

"आहेतच वयस्कर. सत्ताविसावं लागलंय," कस्तुरा म्हणाली. "बाबांना त्या कट्ट्यावर बसवा — आणि ही कळशी उचलून द्या. घर दाखवते."

तो इतका लाजला की अर्धी कळशी स्वतःच्या नव्या बुशशर्टावरच ओतून घेतली. कस्तुराला हसू आवरेना.

त्याचं नाव सयाजी. चिंचवडच्या एका कंपनीत टर्नर. राहायला पाच जणांत एक खोली, खाटसुद्धा शिफ्टप्रमाणे वाटून घेतलेली. तिथे अर्धांगवायू झालेल्या बापाला कुठे ठेवणार? आणि बाप म्हणजे दौलतराव, तीस वर्षं कंपनीच्या गेटवर टायमकीपर. डावं अंग लुळं पडलं तरी नजर मात्र घड्याळावरच.

कस्तुराने स्वतःच्या आईचं असंच दुखणं पाच वर्षं काढलं होतं. तेवढ्या वर्षांत स्थळं आली तशी गेली, आई गेली, आणि हाताला लागलेली सवय हाच तिचा व्यवसाय झाला. सोबतीला सोजरआत्या होती, त्यामुळे गल्लीला बोलायला जागा नव्हती.

पुढच्या खोलीत दौलतरावांची खाट पडली. रोज तेलाने मालिश, मग भिंतीला धरून उभं राहणं.

"चहा सात मिनिटं लेट," दौलतराव म्हणायचे.

"पाय किती मिनिटं उचललात? आधी तो हिशेब द्या," कस्तुरा म्हणायची.

गुरुवार हा सगळ्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार. सयाजी दर गुरुवारी येऊ लागला. मग पहिली शिफ्ट सुटली की मधेच मंगळवारीही.

"आज कसे काय?" कस्तुरा विचारायची.

"बाबांची आठवण आली."

"बाबा पुढच्या खोलीत आहेत. तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात."

"हो... ते... पाणी प्यायला आलो होतो."

तीन-तीन तांबे पाणी पिऊनही त्याला जे बोलायचं ते बोलता येत नव्हतं. ज्या बाईला आपण पगार देतो तिला असलं काही विचारायचं, म्हणजे तिला नाही म्हणायची पंचाईत. आणि तिला वाटे, लोक म्हणतील, म्हातारा सांभाळायला घेतला आणि मुलगा गटवला. दोघंही शहाणी, त्यामुळे दोघंही गप्प.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सयाजी बातमी घेऊन आला. निगडीला खोली मिळाली होती. शेजारच्या काकू दिवसा बाबांकडे बघायला तयार होत्या.

"येत्या गुरुवारी नेतो म्हणतो."

"बरं झालं," कस्तुरा म्हणाली. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. ती मनापासून रडली, आणि कांदा चिरतेय म्हणून आत्याला सांगितलं. कांदा टोपलीतच होता.

गुरुवारी टेम्पो दारात लागला. दौलतराव खाटेवरून गरजले, "आज माझा इथला दोनशे एकोणचाळिसावा दिवस! कामगाराचे दोनशे चाळीस भरले की त्याला कायम करावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी ब्रेक देतोस होय रे? कंपनीकडून हेच शिकलास?"

"बाबा, तुम्ही कामगार नाही, पेशंट आहात!"

त्याने बापाला खुर्चीवर बसवलं आणि खाट उचलायला घेतली. स्वयंपाकघराचं दार आडवं येत होतं. ते दार वर्षानुवर्षं भिंतीला टेकलेलं, कधी कुणी लावत नसे. सयाजीने ते ओढून लावलं आणि तिथेच थिजला.

दाराच्या फिक्या निळ्या रंगावर, छातीच्या उंचीला, कोळशाने आखलेलं मस्टर होतं. सुबक अक्षरात. 'सयाजी. आत ४.१०, बाहेर ८.२५. बापाजवळ ५ मिनिटं. बाकी स्वयंपाकघरात.' पुढे शेऱ्याचा रकाना: 'कस्तुराने साडी बदलली.' खाली पुन्हा: 'आज अबोलीचा गजरा.' ओळींवर ओळी.

"आगं बया," सोजरआत्या म्हणाली, "खाटंवरनं ह्यो हात हितवर पोचला कसा? आन् कोळसा तर चुलीपाशी हाय!"

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. दौलतरावांनी घड्याळात पाहिलं.

"बाबा, तुम्ही चालता?" कस्तुराने विचारलं.

"दीड महिना झाला," ते पुटपुटले. "तुम्ही दोघी पाण्याला गेलात की... सांगितलं असतं तर या गाढवाने तेव्हाच नेलं असतं. आणि मस्टर ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही."

सयाजी कानापर्यंत लाल झाला होता. कस्तुराने पदराने डोळे पुसले, आणि मग जे आठ महिने ओठांवर होतं ते बोलून टाकलं.

"सयाजीराव, उद्यापासून मी बाबांचा पगार घेणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... ठेवणार नाही त्यांना?"

"ठेवणार. पण घरच्या माणसाला सांभाळायचे पैसे कुणी घेतं का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या हातातली खाट आत्याच्या पायावर पडता पडता राहिली.

"कस्तुरा... मी इथेच राहिलो तर चालेल?"

"चालेल. आत्याला विचारा."

"मला काय इचारता?" आत्या म्हणाली. "टेंपोवाल्याला चा द्या आन् लावून द्या."

दौलतराव खुर्चीवरून स्वतःच उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले. घड्याळ बघून त्यांनी कोळशाने लिहिलं, 'सयाजी. आत ३.४०.' मग 'बाहेर'च्या रकान्यावर एक लांबलचक रेघ मारून ते कस्तुराला म्हणाले, "चहा नऊ मिनिटं लेट आहे, सूनबाई."